गुडघा चार

उस्तादांचं अपील फेटाळलं गेलं.

म्हणजे, तसं काही झालेलं नाही. पत्र टाईप झालंय, सही झालीय, शिक्काही बसलाय. पण त्यावर जावक क्रमांक पडायचाय, आणि त्या कार्यालयात जावक क्रमांक पडेपर्यंत काहीही घडलेलं नसतं. मागे तिथल्या एका साहेबांच्या निवृत्तीचा आदेश जावकच्या टेबलावर पाच महिने पडून राहिला होता. निरोपाची भाषणं झाली होती, घड्याळ भेट मिळालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला साहेब तेच घड्याळ घालून हजर. पाच महिने. शेवटी घड्याळाचा सेल संपला.

तेव्हा कार्यालयीन शिस्तीला धरून आपणही असंच समजू, की निकाल लागायचाय. उस्ताद तर तसंच समजत होते.

उस्ताद म्हणजे गवई नव्हे. फौजेत नव्या भरतीला कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि यांनी ती बावीस वर्षं शिकवली. चालत्या रांगेला 'थांब' म्हटलं, की उजवा पाय मांडीपर्यंत उचलून जमिनीवर असा आपटायचा, की शंभर टाचांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. रंगरूट आपटायचे ते सहा महिने, मग सुटायचे. उस्ताद आधी करून दाखवायचे, चुकलेल्याला पुन्हा करून दाखवायचे, आणि चुकणारे काही संपत नव्हते. दर सहा महिन्यांनी सरकार नवे पाठवायचं. बावीस वर्षांनंतर मैदान होतं तसंच राहिलं. गुडघा गेला.

पहिल्या अर्जावर वैद्यकीय बोर्डानं त्यांना दहा टक्के अपंगत्व दिलं. सोबत एक ओळ होती: 'सदर मैदानावर शत्रू असल्याची नोंद आढळत नाही.' उस्तादांना ते पटलं. शत्रू नव्हताच. मैदानच होतं.

आता, दहा टक्क्यांनी अडत काय होतं? तर जिना. माजी सैनिकांच्या वसाहतीत उस्ताद चौथ्या मजल्यावर राहत. लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी जागा होती, तिच्यात सायकली ठेवत. नियम असा, की वीस टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्याला तळमजल्यावरचं घर बदलून मिळतं, आणि समोरच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं दोन नंबरचं घर वर्षभर कुलूपबंद होतं. त्या घरात खोल्या किती, नळाला पाणी कितीदा येतं, भिंतींना ओल आहे का, यातलं उस्तादांना काही माहीत नव्हतं आणि जाणूनही घ्यायचं नव्हतं. त्या घराच्या दारासमोर एक सिमेंटचा बाक होता. रोज पाच ते साडेसहा त्या बाकावर चार-पाच माणसं बसायची आणि बोलायची. उस्तादांना तो बाक हवा होता.

जिना उतरायला त्यांना अकरा मिनिटं लागायची आणि चढायला सव्वीस. म्हणून ते शनिवारीच उतरायचे, आठवड्याचं सामान आणि टपाल घेऊन चढायचे. उरलेले सहा दिवस खिडकी. चौथ्या मजल्यावरून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, डोकी दिसतात. त्यामुळे उस्तादांच्या ओळखी डोक्यांशी होत्या: टक्कल, निळी टोपी, मधला भांग, आणि कलप उतरत आलेली 'मुळांशी पांढरी'. बायको होती तेव्हा ती रोज खाली जायची आणि बातम्या घेऊन वर यायची. तिला सगळ्यांची नावं ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तिच्याबरोबर नावंही गेली. डोकी राहिली.

गुडघ्याबद्दल तिनं कधी विचारलं नाही. उस्ताद जिन्यात कितव्या पायरीला थांबले, हे ती दारातून ऐकायची आणि त्याप्रमाणे गरम पाण्याची पिशवी भरायला घ्यायची. दुसऱ्या मजल्याच्या वर थांबले तर अर्धी, खाली थांबले तर पूर्ण. तीस वर्षांच्या संसारात 'दुखतंय' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. गरजच पडली नव्हती.

अपिलाचा फॉर्म मुलीनं भरला. ती दुसऱ्या शहरात असते, रविवारी फोन करते.

"बाबा, मागच्या तपासणीला तुम्ही काय केलं होतं ते खरं खरं सांगा."

"डॉक्टर म्हणाले पाय वाकवा. वाकवला."

"किती?"

"पूर्ण."

"दुखलं नाही?"

"दुखलं ना. डोळ्यांपुढे काजवे चमकले."

"मग सांगितलंत का?"

"त्यांनी विचारलं नाही."

पलीकडे टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. उस्तादांना वाटलं फोन बिघडला. त्यांनी तो हलवून बघितला.

"बाबा, त्यांनी वाकवायला सांगितलं म्हणजे दुखेपर्यंत वाकवायचं असतं. दुखायला लागलं की बोलायचं. तिथला आकडा लिहितात ते. तुम्ही पूर्ण वाकवून दाखवलात म्हणजे गुडघा ठणठणीत असंच लिहिणार ना!"

"थांब म्हणायचं काम हुकूम देणाऱ्याचं असतं."

"ते मैदानावर. आता थोडं सांगायला शिका."

"खोटं नाही बोलायचं मला."

"अहो, खोटं नका बोलू. खरं तर बोला!"

हा मुद्दा उस्तादांना नवा होता. बावीस वर्षांत त्यांच्यासमोर हजारभर पोरांनी 'उस्ताद, दुखतंय' म्हटलं होतं, आणि त्यांनी प्रत्येकाला मैदानाला एक फेरी जास्त दिली होती. खरं दुखणारा फेरी मारून लंगडत परत यायचा, त्याला दवाखान्यात पाठवायचे. खोटं दुखणारा पळत परत यायचा, त्याला आणखी एक. पद्धत बिनचूक होती. फक्त ती स्वतःला लावायची कशी, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी सराव सुरू केला. सकाळी आठला, खाटेच्या कडेला बसून. पाय सरळ. हळूहळू वाकवायचा. खुर्चीच्या उंचीपर्यंत आला, की आतून कुणीतरी खिळा ठोकायला सुरुवात करतं, ते रोजचंच. तिथे थांबून तो शब्द बोलायचा. पहिल्या दिवशी तोंडातून काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी निघालं, पण ज्या आवाजाची त्या गळ्याला सवय होती त्याच आवाजात:

"दुऽऽऽख — तंय!"

खिडकीतली कबुतरं एकदम उडाली. खाली बाकाजवळून चाललेला निळी टोपी जागच्या जागी ताठ उभा राहिला, आणि आपण का उभे राहिलो हे न कळून पुन्हा चालू लागला.

रविवारी त्यांनी ते मुलीला फोनवर म्हणून दाखवलं.

"बाबा, असं नाही. माणसासारखं म्हणा. मी विचारते हं. बाबा, दुखतंय का?"

उस्तादांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा?"

"आत्ता नाही दुखत," उस्ताद म्हणाले. "तू बोलतेयस ना."

तिला वाटलं ते विषय टाळतायत. तिनं आठवण करून दिली, की अकरा वाजताची वेळ आहे, जिना मात्र सावकाश उतरा, आणि तपासणीच्या दिवशी दारापर्यंत गाडी येईल, पैसे तिनं भरलेत. गुडघ्याला त्रास नको म्हणून. चांगली मुलगी.

आता इथे एक चूक झाली, आणि ती फौजेत राहिलेल्या माणसाकडूनच होऊ शकते. अकराची वेळ म्हणजे उस्तादांच्या हिशेबी दहाला हजर. दहाला हजर म्हणजे रस्त्यात काही झालं तर हाताशी एक तास, म्हणजे नऊ. गाडीचं चाक पंक्चर झालं तर आठ. म्हणून त्यांनी गाडी सातला बोलावली. चाक पंक्चर झालं नाही. सव्वासातला ते तपासणी केंद्राच्या दारात होते.

दार उघडं होतं, आणि आत सत्तावीस माणसं आधीच बसलेली होती.

सगळे माजी सैनिक, सगळ्यांची वेळ दहाच्या पुढची. खुर्च्यांच्या रांगा इतक्या सरळ होत्या, की कार्यालयानं त्या तशा लावल्या असतील असं वाटत नव्हतं. केंद्रातल्या डॉक्टरांना म्हणे वर्षानुवर्षं एक कोडं पडलेलं होतं: कागदांवर इतके खिळखिळे दिसणारे सांधे टेबलावर इतके बरे कसे निघतात? सगळे संशोधन करून थकले होते. तपासणीच्या खोलीबाहेर तीन-चार तास आरामात टेकून बसलेल्या, उन्हात शेकून निघालेल्या गुडघ्यांची ती रांग कुणी बघितली नव्हती, कारण डॉक्टर दहाला यायचे, तेही मागच्या दारानं.

कारकून खिडकीतून चिठ्ठ्या देत होता. नावं लांबलचक असतात आणि दोघातिघांची सारखी निघतात, म्हणून तो सांध्यावरून हाक मारायचा.

"तुम्ही कोण?"

उस्तादांनी पूर्ण नाव, हुद्दा, क्रमांक सांगितला.

"ते नाही. काय दुखतं?"

"उजवा गुडघा."

"गुडघा चार. बसा. घोटा एक! घोटा एक आलेत का? कागद अपुरे आहेत तुमचे. कोपर तीन, तुम्ही कोपर नाही, तुम्ही मनगट आहात, मागच्या वेळेसच सांगितलं होतं."

उस्तादांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली. ऊन नेमकं उजव्या गुडघ्यावर पडत होतं. शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. डावा हात अंगाला चिकटवून, उजव्या हातानं बुटाची नाडी बांधायची खटपट चालली होती. दोनदा बांधली, दोनदा सुटली.

"आणा इकडे," उस्ताद म्हणाले.

"तुम्हाला वाकता येतं?"

"मला नाही येत. तुम्ही पाय वर घ्या."

गृहस्थांनी बूट समोरच्या खुर्चीवर ठेवला. उस्तादांनी नाडीची गाठ मारली, फौजी, दुहेरी. ती बघायला गृहस्थ पुढे झुकले आणि त्यांचं डोकं उस्तादांच्या नाकाखाली आलं. अगदी मधोमध पाडलेला भांग. डाव्या बाजूला भोवरा.

उस्तादांचे हात थांबले.

"तुम्ही संध्याकाळी बाकावर बसता का हो? दोन नंबरच्या दारासमोर? डावीकडून दुसरे?"

"बसतो की. तुम्ही कोण?"

"समोरच्या इमारतीतली चौथ्या मजल्याची खिडकी. कोपऱ्यातली."

मधला भांग बोटांवर मजले मोजू लागला. मग हसला. "अहो, काय सांगता! आम्हाला वाटलं ते घर रिकामं आहे."

उस्तादही हसले. हसणं भाग होतं. पण त्यानंतर त्यांनी दुसऱ्या बुटाचीही नाडी सोडून पुन्हा बांधली. ती सुटलेली नव्हती.

मग साडेतीन तास दोघं बोलले. उस्तादांना कळलं, की टक्कल पूर्वी तोफखान्यात होता आणि आता एका कानानं ऐकतो; तो बाकाच्या उजव्या टोकाला का बसतो हे कोडं दोन वर्षांनी सुटलं. मुळांशी पांढरी ही टकलाची बहीण. निळी टोपी मूळ हिरवी होती. बोलता बोलता चहा झाला, दोनदा. मधला भांग पहिल्या मजल्यावर राहायचा आणि खांद्यासाठी आला होता.

"मी तर सकाळी आधी बादल्या भरून ठेवतो," तो म्हणाला. "सहा बादल्या. मग बसनं येतो, दांडी धरून, उभ्यानं. खांदा घरी जसा असतो तसा आणायचा इथे. नटवून नाही आणायचा. तुम्ही कसे आलात?"

"गाडीनं. मुलीनं ठरवली."

"अरेरे," मधला भांग म्हणाला. मग उस्तादांच्या उन्हात पसरलेल्या पायाकडे बघून पुन्हा म्हणाला, "अरेरे."

पण उस्तादांचं लक्ष नव्हतं. ते टकलाच्या उरलेल्या कानाबद्दल विचारत होते.

"खांदा दोन, आत या. गुडघा चार, तयार राहा."

आत डॉक्टर एक तरुण बाई होत्या. टेबलावर कागद, हातात पारदर्शक कोनमापक, शाळेतल्यासारखंच पण दोन लांब पट्ट्यांचं, मधे खिळा. त्यांनी उस्तादांना खाटेवर बसवलं, आणि पँट वर करायला स्वतःच मदत केली. हात गरम होते.

"काका, पाय सैल सोडा. सैल. हा सैल नाहीये, हा सावधान आहे."

"हो, मॅडम."

"आता मी हळूहळू वाकवणार. जिथे दुखायला लागेल तिथे लगेच सांगायचं. मीही विचारत राहीन. बरं?"

पट्टी मांडीला लागली, दुसरी पोटरीला. पाय वाकायला लागला.

"दुखतंय का?"

"नाही, मॅडम."

थोडं पुढे. "आता? दुखतंय का?"

"नाही."

खुर्चीची उंची आली. उस्ताद तयारीत बसले. शब्द जिभेच्या टोकाशी होता, माणसासारख्या आवाजात, महिनाभर घासून ठेवलेला. खिळा ठोकणारा आतून केव्हाही सुरू होईल.

तो आलाच नाही. चहाच्या वेळी शिपाई जसा जागेवर नसतो तसं दुखणं जागेवर नव्हतं. उस्तादांनी आत शोधलं. कुठे काही नाही. साडेतीन तास ऊन, दोन चहा, तोंडभर गप्पा, आणि आता कुणीतरी पाय हातात धरून विचारतंय. गुडघ्यानं सुट्टीच टाकली होती.

"दुखतंय का, काका?"

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. त्या अक्षरापलीकडे तो बाक होता, पाच ते साडेसहा, टकलाच्या ऐकू येणाऱ्या बाजूची जागा. उस्तादांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना मैदानाला फेरी मारून पळत परत येणारी पोरं आठवली, ओळीनं, धापाही न टाकणारी.

"आत्ता नाही, मॅडम," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. कागदावरची क्ष-किरणाची टिपणं पुन्हा बघितली. "कूर्चा जवळजवळ संपलीय तुमची. नीट आठवून सांगा बरं. थोडंसं? ठणक? कळ?"

"घरी असते. आत्ता नाही."

"मला आत्ताचे अंश लिहायचे असतात हो. बरं, तीनदा वाकवून सरळ करायचं. वापरानं वाढतं का ते बघायचंय."

उस्तादांनी ते तीन मोजून केलं, एक-दोन-तीन, इतक्या झोकात की टेबलावरची पेन्सिल घरंगळली.

"इतक्या जोरात नको! दुखतंय का?"

"नाही, मॅडम."

"जिना आहे घरी?"

"चौथा मजला. उतरायला अकरा मिनिटं, चढायला सव्वीस."

डॉक्टरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "मिनिटांना रकाना नाही. एक रकाना आहे: दुखणं एकदम वाढतं तेव्हा गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो?"

उस्तादांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेव्हा मोजायला कुणी नसतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी घरंगळलेली पेन्सिल उचलली. मग त्यांनी लिहिलं: सांगता येत नाही.

"झालं काका. उठा सावकाश."

उस्ताद उठले नाहीत. "डावाही बघतात ना? तुलनेसाठी? फॉर्मवर लिहिलंय."

"हो की. लिहिलंय खरं." बाई पुन्हा बसल्या. डाव्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी पट्टी लागली, पाय वाकला, आणि चारदा विचारलं गेलं. उस्तादांनी मनात बेरीज केली. उजव्याचे सात, डाव्याचे चार. सकाळपासून अकरा वेळा.

बाहेर मधला भांग थांबला होता. "काय झालं?"

"छान झालं," उस्ताद म्हणाले.

मधल्या भांगानं कपाळाला हात लावला, चांगला हात. वसाहतीच्या बसथांब्यावर उतरून निरोप घेताना तो म्हणाला, "येतो एकदा वर चहाला. आणि संध्याकाळी खिडकीकडे बघून हात करीन, चुकायचं नाही." येताना उस्तादांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कप घेतला. घरी एकच धड उरला होता.

जिना त्या दिवशी एक्केचाळीस मिनिटांचा झाला. पहिल्या मजल्यापर्यंत सुट्टी होती. दुसऱ्या मजल्याच्या खाली, सातव्या पायरीवर, दुखणं बदलीवरून परत आल्यासारखं सामानसुमान घेऊन हजर झालं. पायच उचलेना. उस्तादांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. वर चौथ्या मजल्यावर पाण्याची पिशवी आपोआप भरली जायची ती हीच पायरी, पूर्ण भरायची. महिनाभर घासलेला शब्द अजून जिभेवर होताच.

"दुऽऽऽख — तंय!"

जिन्यात तो चारही मजले फिरून आला. तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं.

"कोण ओरडतंय? बाळ झोपलंय इथे!"

"माफ करा," उस्ताद माणसासारख्या आवाजात म्हणाले. दार लागलं.

यानंतर काही आठवडे काहीच घडलं नाही. मग जावकच्या टेबलावर क्रमांक पडला, आणि सुरुवातीला जे झालेलं नव्हतं ते झालं. पत्र मंगळवारी आलं, उस्तादांना शनिवारी मिळालं. दहा टक्के कायम. कारणांच्या रकान्यात: 'तपासणीदरम्यान वेदना नाही. अर्जदार प्रसन्न आढळला.'

मधल्या भांगाला वीस मिळाले. खांद्याचे. पण नियम टक्के बघतो, सांधा बघत नाही, त्यामुळे दोन नंबरच्या घराचं कुलूप त्याच्यासाठी निघालं. एका रविवारी टकलानं आणि निळ्या टोपीनं त्याचं सामान हलवलं. उस्तादांनी खिडकीतून सगळं बघितलं. सामान नीट लावलं नव्हतं, ट्रंका वाकड्या ठेवल्या होत्या, पण वरून सांगून उपयोग नव्हता.

मधल्या भांगानं शब्द पाळला. पहिल्याच संध्याकाळी पाचला तो बाकाजवळ उभा राहिला आणि त्यानं खिडकीकडे बघून हात केला. म्हणजे करायला गेला. एका हातात चहाचा पेला होता, आणि दुसरा हात ते वीस टक्के होते. तो कानापर्यंत येऊन थांबला. वरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस कान खाजवतोय. उस्तादांनी मात्र ओळखलं. त्यांनी खिडकीतून पूर्ण हात हलवला, बराच वेळ. मान वर करून फार वेळ बघणं मधल्या भांगाला जमत नसे. मानेची केस वेगळी होती, ती अजून आवकलाच होती. तो खाली बसला. भांग, भोवरा.

चहाला तो आला नाही. चार मजले म्हणजे काही थोडे नाहीत, आणि आता त्याचं घर खाली होतं. नवा कप उस्ताद आठवड्यातून एकदा धुऊन ठेवतात.

मुलगी म्हणाली, पुढचं अपील करू, या वेळी गाडी नको, बसनं जा. उस्ताद बघू म्हणाले. तिनं फोन ठेवल्यावर त्यांनी पुनर्विलोकनाचा फॉर्म घेतला, खाटेच्या कडेला बसले, पाय खुर्चीच्या उंचीपर्यंत वाकवून ठेवला म्हणजे लिहिताना मुद्दा विसरायला नको, आणि 'मागणी' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'महोदय, टक्केवारीबाबत अर्जदाराची तक्रार नाही. ती आहे तीच ठेवावी. तळमजल्यावरील घर योग्य व्यक्तीस मिळालेले आहे. तपासणीदरम्यान अर्जदारास "दुखतंय का?" असे एकूण अकरा वेळा विचारण्यात आले, त्याचा गुण आला. तरी विनंती, की सदर प्रश्न अर्जदारास आठवड्यातून एकदा, शनिवार सोडून कोणत्याही सोयीच्या वारी, कोणत्याही कर्मचाऱ्यामार्फत, राहत्या जागी चौथ्या मजल्यावर विचारण्यात यावा. कोनमापक आणण्याची आवश्यकता नाही. उत्तराची नोंद घेतली नाही तरी चालेल. कप दोन आहेत. वेळ आधी कळवण्याचे कारण नाही. अर्जदार घरीच असतो.'